पद्मिनीचे इंजिन सुरू होत नाही: कॅमचे टायमिंग चुकले आहे हे कव्हर न उघडता कसे ओळखावे?

गंगापूररोडची_पद्मिनी

सर्वांना नमस्कार.

आमच्याकडे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी ती नवी घेतली होती. कसारा घाट ती किती वेळा चढली याची मोजदाद नाही, पण गेली चार वर्षे ती घरासमोरच्या शेडमध्ये झाकून उभी होती. यंदा दिवाळीनंतर ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले. सुरू केल्यावर रेडिएटरमधले पाणी कमी होऊ लागले आणि डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसू लागले, म्हणून एका गॅरेजमध्ये हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवून फेस करून, म्हणजे खालची बाजू घासून सपाट करून घेतले, व्हॉल्व्ह घासून बसवले, आणि पुढच्या बाजूने चेनचा खडखडाट येत होता म्हणून त्याच वेळी टायमिंग चेन व तिची दोन्ही दातेरी चाकेही नवी टाकली.

त्यानंतर इंजिन एकदाही सुरू झालेले नाही. सेल्फ जोरात फिरतो, चारही प्लगवर चांगली ठिणगी पडते, टाकीतले जुने पेट्रोल काढून नवे भरले आहे आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल येते हे डोळ्यांनी पाहिले आहे. सेल्फ मारत राहिले की अधूनमधून कार्ब्युरेटरच्या तोंडातून ‘फट्ट’ असा आवाज येतो, आणि एकदा तर वीतभर ज्वाळही आली. गॅरेजमध्ये बारा दिवस डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) इकडेतिकडे फिरवून पाहिला आणि शेवटी ‘इंजिन संपले आहे, दुसरे शोधा’ असे सांगण्यात आले. गाडी ओढून घरी आणली आहे.

बाबांना कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टायमिंगची शंका आहे. मात्र टायमिंगचे कव्हर उघडायचे म्हणजे रेडिएटर, पंखा, पुली असे सगळे उतरवावे लागेल, आणि एवढे करून खाली सर्व बरोबर निघाले तर श्रम वाया जातील. तेव्हा माझे दोन प्रश्न आहेत. कव्हर न उघडता कॅम जागेवर आहे की नाही हे खात्रीने सांगता येते का? आणि हेड फेस केल्यामुळे टायमिंग सरकले असेल का? हत्यारे बाबांची जुनी आहेत, हात माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे आहेत.

टूलरूम_सातपूर

ताई, दुसरे इंजिन शोधण्याची घाई करू नका. जे इंजिन हेड उतरवण्यापूर्वी चालत होते आणि नंतर अजिबात सुरू होत नाही, ते संपलेले नसते. त्यात काहीतरी चुकीच्या जागी बसलेले असते. मी सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली आणि निवृत्तीनंतर जुनी इंजिने उघडणे हाच माझा दिवसाचा उद्योग आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तपासणीचा क्रम त्यावर ठरतो. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन पुशरॉडचे आहे, म्हणजे कॅमची हालचाल लांब सळ्यांनी वरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचते. तिचा कॅमशाफ्ट हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये असतो, त्यामुळे हेड कितीही घासले तरी क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम यांच्यातले अंतर तसूभरही बदलत नाही आणि टायमिंगही सरकत नाही. ज्या गाड्यांचा कॅम हेडवर असतो त्यांच्यात मात्र हेड घासले की कॅम तितकाच क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंग किंचित मागे पडते. तुमच्या गाडीत हेड घासल्याचा परिणाम दुसरीकडे होतो. हेड खाली आले की रॉकरही (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या तरफा) खाली येतात, पुशरॉडची लांबी मात्र तीच राहते, त्यामुळे टॅपेटची गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधली फट) कमी होते. शिवाय व्हॉल्व्ह घासून बसवले की ते सीटमध्ये किंचित आत जातात आणि त्यांच्या दांड्यांची टोके वर येतात, म्हणजे गॅप आणखी कमी होते. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात. हेड बसवल्यावर टॅपेट नीट लावलेले नसतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होणार नाहीत, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) पडेल आणि माणूस विनाकारण कॅमवर संशय घेत बसेल. तेव्हा सर्वांत आधी टॅपेट.

टॅपेट लावताना पुलीवरची खूण पाहूच नका, कारण कॅम चुकला असेल तर ती खूण तुम्हाला फसवेल. जोडीने काम करा. चार सिलिंडरच्या या इंजिनाची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे, म्हणून १ आणि ४ यांचे पिस्टन एकत्र वर येतात आणि २ व ३ यांचे एकत्र. चार नंबरचे दोन्ही रॉकर डुलताना दिसले, म्हणजे एक्झॉस्ट वर येता येता इनलेट खाली जाऊ लागला, की एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह कॅमच्या पाठीवर (म्हणजे पूर्ण बंद) असतात आणि त्यांची गॅप लावता येते. मग एकचे डुलू द्या आणि चारचे लावा. दोनचे डुलू द्या आणि तीनचे लावा. तीनचे डुलू द्या आणि दोनचे लावा. या पद्धतीत क्रँकचा संबंधच येत नाही. गॅप किती ठेवायची ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहा. इनलेट कोणता आणि एक्झॉस्ट कोणता हे पाठांतराने न ठरवता मॅनिफोल्डची नळी हेडला कुठे भिडते ते पाहून ठरवा. याच वेळी पुशरॉड एकेक काढून जाड काचेवर लोळवून पाहा. वाकलेला रॉड लोळताना मध्येच काचेपासून उचलला जातो आणि त्याखालून उजेड दिसतो.

यानंतर कॉम्प्रेशन मोजा. चारही प्लग काढलेले असावेत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा, बॅटरी चार्ज असावी आणि कॉइलची तार सोडवून ठेवावी. एकच सिलिंडर कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग, शेजारचे दोन कमी असतील तर हेड पॅकिंग, आणि चारही सारखेच कमी असतील तर टायमिंगची शंका बळावते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कॅम मागे पडला तरच कॉम्प्रेशन पडते. तो पुढे गेला असेल तर सेल्फवरचे कॉम्प्रेशन चांगले किंवा थोडे जास्तही दिसू शकते. म्हणून कॉम्प्रेशन चांगले आले म्हणजे टायमिंग बरोबर असे समजू नये.

आता मुख्य तपासणी. एक नंबरचा पिस्टन टॉपला, म्हणजे सर्वांत वरच्या टोकाला आणा. प्लग काढून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि भावाला ती हलकेच पुढे ढकलू द्या. इंजिन त्यामुळे बोटभराच्या हिशेबाने फिरवता येते. टॉपच्या आसपास पिस्टन बराच वेळ थबकल्यासारखा वाटतो, म्हणून प्लगच्या भोकात नळी घालून ‘आला टॉपला’ असे म्हणणे पुरेसे नाही, तिथे पाच-सात अंशांची चूक सहज होते. जुन्या प्लगचे पोर्सलीन काढून त्याच्या कवचात एक बोल्ट पक्का बसवा. त्याचे टोक गुळगुळीत असावे आणि तो पिस्टनला टॉपच्या थोडे आधी अडवेल एवढाच आत जावा. पिस्टन हलकेच बोल्टला टेकेपर्यंत पुली हाताने फिरवा आणि पुलीवर खडूने रेघ मारा. मग उलट दिशेने पुन्हा टेकेपर्यंत आणा आणि दुसरी रेघ मारा. दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टॉप. हे करताना सेल्फला कोणीही हात लावू नये, पिस्टनला भोक पडेल.

बोल्ट काढा, इंजिन सरळ दिशेने फिरवत त्या मध्यावर आणा (मागे जाऊन पुढे या, म्हणजे चेनची ओढणारी बाजू ताणली जाईल) आणि चार नंबरचे रॉकर पाहा. बहुतेक साध्या कॅममध्ये या क्षणी एक्झॉस्ट जेमतेम बंद होत आलेला आणि इनलेट जेमतेम उघडलेला असतो, आणि दोन्ही व्हॉल्व्ह जवळपास सारखेच उघडे असतात. एक्झॉस्ट अजून चांगला दबलेला असेल आणि इनलेटला हात लावल्यावर गॅप लागत असेल, तर कॅम मागे आहे. याच्या उलट दिसले तर कॅम पुढे गेलेला आहे. चार नंबरचे दोन्ही रॉकर सैल लागले तर घाबरू नका, तुम्ही दुसऱ्या टॉपवर आहात; आणखी एक फेरा द्या.

द्वारका_गॅरेज

ताई, काकांनी सांगितलेले सगळे बरोबर आहे. मी क्रम मात्र थोडा वेगळा ठेवीन. माझ्याकडे अशा ज्या गाड्या येतात त्यांतल्या बऱ्याच गाड्यांमध्ये चेन बरोबर असते आणि डिस्ट्रिब्युटर उलटा बसवलेला असतो. क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅमचा एक फेरा होतो, त्यामुळे पुलीची खूण दोनदा जुळते: एकदा एक नंबर फायरिंगला असताना आणि एकदा चार नंबर असताना. मेकॅनिक खूण जुळवतो, रॉकर पाहत नाही आणि डिस्ट्रिब्युटर बसवून टाकतो. मग ठिणगी पिस्टन टॉपला असतानाच पडते, पण त्या वेळी इनलेट उघडत असतो आणि आग कार्ब्युरेटरकडे येते. तुम्ही सांगितलेली ज्वाळ वाचून मला पहिल्यांदा हेच आठवले.

तपासायला दोन मिनिटे लागतात. चार नंबरचे रॉकर डुलत असताना डिस्ट्रिब्युटरची कॅप उचला आणि रोटर (कॅपखाली फिरणारा, ठिणगी वाटणारा तुकडा) कॅपवरच्या एक नंबरच्या वायरीकडे पाहतो आहे का ते बघा. चार नंबरकडे पाहत असेल तर डिस्ट्रिब्युटर काढायचीही गरज नाही. १ आणि ४ च्या वायरी आपसांत बदला, २ आणि ३ च्या आपसांत बदला.

दुसरे म्हणजे बारा दिवस सेल्फ मारून सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल पेट्रोलने धुऊन गेले असणार. अशा कोरड्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन सगळीकडे सारखेच कमी येते आणि टायमिंगचा संशय उगाच वाढतो. म्हणून काकांच्या रीडिंगनंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा झपकन वर गेला तर दोष रिंग व भिंतींचा, जागेवरच राहिला तर हवा व्हॉल्व्हमधून जाते आहे किंवा आतच कमी येते आहे. आणि कृपा करून एअर फिल्टर बसवल्याशिवाय सेल्फ मारू नका, कार्ब्युरेटरवर वाकून तर मुळीच पाहू नका. जवळ ओले पोते ठेवा. सांडलेल्या पेट्रोलवर त्या ज्वाळेची एक ठिणगी पडली तर पुढचे सांगायला नको.

गंगापूररोडची_पद्मिनी

काका आणि दादा, दोघांचेही मनापासून आभार. शनिवार-रविवार दोन्ही दिवस आम्ही याच कामात होतो. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि प्रत्येक आकडा वहीत लिहून घेत होते.

टॅपेट खरोखरच घट्ट होते. दोन आणि तीन नंबरच्या एक्झॉस्टमध्ये फिलर गेजचे सर्वांत पातळ पान सुद्धा जात नव्हते. आठही लावले. पुशरॉड काचेवर लोळवले, सर्व सरळ आहेत. चार नंबरचे रॉकर डुलत असताना रोटर कॅपवरच्या एक नंबरकडेच पाहतो, म्हणजे दादांची शंका आमच्या बाबतीत लागू होत नाही.

टॅपेट लावल्यानंतरचे कॉम्प्रेशन पौंडांमध्ये असे आले: ६५, ६०, ६५, ६५. तेल टाकल्यावर ७०, ७०, ७०, ७०.

खरा टॉप बोल्टच्या पद्धतीने काढला. त्या जागी चार नंबरचा एक्झॉस्ट रॉकर स्पष्ट दबलेला आहे आणि इनलेटचा रॉकर बोटाने हलवला तर टकटक वाजतो. पुढे आम्ही एक गोष्ट स्वतःहून करून पाहिली. इंजिन सरळ दिशेने हळूहळू फिरवत दोन्ही रॉकर सारखेच दबलेले दिसेपर्यंत नेले आणि तिथे पुलीवर तिसरी रेघ मारली. पुलीभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजला तो ४० सेंटीमीटर भरला, आणि टॉपच्या रेघेपासून तिसऱ्या रेघेपर्यंतचा दोरा ४२ मिलिमीटर भरला. याचा काही उपयोग होईल का?

आणखी एक. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी ब्लॉकवर वर्षानुवर्षांच्या तेलकट धुळीची एक कड आहे आणि तिच्यात डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या जागेची खाच स्पष्ट दिसते. सध्या डिस्ट्रिब्युटर त्या खाचेपासून रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकलेला आहे. त्याचा व्यास ७ सेंटीमीटर धरला तर कडेवर साधारण १२ मिलिमीटर सरकला आहे.

टूलरूम_सातपूर

ताई, तुम्ही आणि भावाने जे मोजले आहे ते पाहून मला फार समाधान वाटले. आता संशयाला जागा उरली नाही.

दोऱ्याचा हिशेब पाहा. परीघ ४०० मिलिमीटर म्हणजे ३६० अंश, तर १ मिलिमीटर म्हणजे ०.९ अंश. ४२ मिलिमीटर म्हणजे जवळपास ३८ अंश. व्हॉल्व्हचे जे संतुलन टॉपला दिसायला हवे होते ते क्रँक ३८ अंश पुढे गेल्यावर दिसते, म्हणजे कॅम क्रँकच्या मानाने ३८ अंश मागे आहे. रॉकर सारखे दबले हे नुसत्या डोळ्यांनी ठरवले असल्यामुळे चार-पाच अंश इकडेतिकडे धरू. आता दातांचा हिशेब. समजा कॅमच्या चाकाला ४० दात आहेत, तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, आणि कॅम निम्म्या वेगाने फिरतो म्हणून क्रँकचे १८. तुमच्या चाकाचे दात उघडल्यावर मोजा, पण आकडा या घरातलाच असेल तर ३८ अंश म्हणजे एक नव्हे, दोन दात. हे लक्षणांशीही जुळते. एका दाताने चुकलेले असे इंजिन बहुधा सुरू होते, ओढत मात्र नाही. दोन दात चुकले की मुळीच दाद देत नाही.

कॉम्प्रेशन का पडले तेही यातूनच कळते. साध्या इंजिनात पिस्टन खालच्या टोकाला जाऊन वर निघाल्यानंतर साधारण ५० अंशांनी इनलेट बंद होतो. त्यात ३८ मिळवा. पिस्टन जवळपास अर्धा वर येईपर्यंत इनलेट उघडाच राहतो आणि आत घेतलेले मिश्रण पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलले जाते. उरते त्यातच एक्झॉस्ट उशिरा बंद झाल्यामुळे जळका वायू मिसळलेला असतो. तेल टाकून पाच-दहा पौंडच वाढले, म्हणजे रिंगा दोषी नाहीत. हवा गळत नाही, मुळात कमी दाबली जाते.

सर्वांत बोलका पुरावा म्हणजे तुमची ती धुळीची खाच. ७ सेंटीमीटर व्यासाचा परीघ सुमारे २२ सेंटीमीटर. त्यातले १२ मिलिमीटर म्हणजे १९ ते २० अंश. डिस्ट्रिब्युटर कॅमच्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकच्या हिशेबाने ते दुप्पट, म्हणजे पुन्हा ३८-४० अंश! कॅम मागे पडला तेव्हा त्याच्यावरून फिरणारा रोटरही तितकाच मागे पडला. गॅरेजमध्ये टायमिंग लाइट लावून ठिणगी खुणेवर आणण्यासाठी डिस्ट्रिब्युटर तितकाच पुढे फिरवला गेला. ठिणगी बरोबर आली, व्हॉल्व्ह मात्र होते तिथेच चुकीचे राहिले. म्हणूनच रोटर एक नंबरकडे पाहताना दिसतो आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. डिस्ट्रिब्युटर पूर्ण काढून पुन्हा बसवला असता तर त्याच्या गिअरचा दात बदलू शकतो आणि अशी खाच पुरावा ठरत नाही. पण इथे दोन वेगवेगळी मोजमापे एकाच आकड्यावर येत आहेत आणि कॉम्प्रेशनही त्याच दिशेला बोट दाखवते.

तेव्हा आता कव्हर उघडा. पुलीचा नट सोडताना गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवून कोणीतरी ब्रेक दाबून धरावा. कव्हरची खालची कड ऑइल सम्पच्या (तेलाच्या खालच्या भांड्याच्या) पॅकिंगला चिकटलेली असते, ती पातळ पात्याने आधी मोकळी करा, नाहीतर पॅकिंग फाटते आणि पुढे तेल गळत राहते. दोन्ही चाकांवरच्या खुणा तपासताना दोन्ही शाफ्टच्या केंद्रांवर स्टीलची पट्टी धरा; नुसत्या नजरेने तिरकस पाहून एका दाताची चूक सहज होते. चेनची ओढणारी बाजू ताणलेली असतानाच खुणा पाहा. आणि खुणा समोरासमोर आल्या म्हणजे एक नंबर फायरिंगवर आला असे गृहीत धरू नका, बऱ्याच इंजिनांत त्या वेळी दुसऱ्या टोकाचा सिलिंडर फायरिंगवर असतो. चेन बसवून झाल्यावर कव्हर लावण्यापूर्वी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, पुन्हा टॉपला आणा आणि चार नंबरचे रॉकर पुन्हा पाहा. खुणांपेक्षा रॉकरवर विश्वास ठेवा. नव्या सुट्या भागांवर खूण चुकीच्या जागी ठोकलेली मी स्वतः पाहिली आहे.

द्वारका_गॅरेज

काका, मान्य. धुळीच्या खाचेचा हिशेब मी पहिल्यांदाच वाचला, उद्यापासून मीही ती पाहीन. ताई, पुढचे ऑइल सील उघडलेच आहे तर नवे टाकून घ्या, आणि ते ठोकून बसवू नका. सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा किंवा सॉकेट ठेवून सरळ दाबा. तेलात पाणी मिसळले होते, म्हणून तेल आणि फिल्टरही बदला.

सिडको_८००

या चर्चेत मध्येच विचारतो, क्षमा असावी. माझी कार्ब्युरेटरची जुनी मारुती ८०० आहे आणि तीही अचानक बंद पडून पुन्हा सुरू होत नाही. रॉकर डुलवण्याची हीच पद्धत मला वापरता येईल का?

टूलरूम_सातपूर

जशीच्या तशी नाही. ८०० ला तीन सिलिंडर आहेत, फायरिंग ऑर्डर १-३-२, त्यामुळे एकत्र वर येणारी जोडीच नसते. एक नंबरचा टॉप काढायचा आणि एक नंबरचेच रॉकर पाहायचे: एका टॉपला दोन्ही सैल असतात, एक पूर्ण फेरा दिल्यावर पुढच्या टॉपला तेच दोन्ही डुलायला हवेत.

पण तुमची गाडी चालताना अचानक बंद पडली असेल तर त्याच्याही आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा आणि कोणाला तरी सेल्फचा नुसता एक झटका द्यायला सांगा. तुमच्या गाडीत चेन नसून रबरी बेल्ट आहे आणि डिस्ट्रिब्युटर कॅमवरून फिरतो. रोटर हललाच नाही तर बेल्ट तुटला आहे किंवा त्याचे दात सोलले गेले आहेत. मग पुन्हा सेल्फ मारू नका. रोटर फिरत असेल तर बेल्टने दात सोडला असण्याची शक्यता उरते, ती वरच्या पद्धतीने तपासा. बेल्ट बदलताना कॅम आणि क्रँकची सील गळत नाहीत ना तेही पाहून घ्या, तेलात भिजलेला बेल्ट लवकर जातो.

गंगापूररोडची_पद्मिनी

काका, कव्हर उघडले. पट्टी केंद्रांवर धरली तेव्हा क्रँकच्या चाकावरची खूण पट्टीवर होती आणि कॅमच्या चाकावरची खूण पट्टीपासून बरोबर दोन दात मागे. बाबांनी चष्मा पुसून स्वतः दोनदा मोजले आणि वहीत ‘२’ लिहून त्याभोवती गोल केला.

चेन उतरवून कॅम पुढे घेतला, खुणा जुळवल्या, ओढणारी बाजू ताणून पुन्हा पाहिल्या आणि दोन फेरे फिरवून चार नंबरचे रॉकर पाहिले. आता टॉपला दोन्ही व्हॉल्व्ह जेमतेम आणि सारखेच दबलेले दिसतात. कव्हर लावण्यापूर्वी कॉम्प्रेशन घेता येईना, कारण सेल्फ मारला असता तर तेल सगळीकडे उडाले असते, म्हणून नवे सील व पॅकिंग घालून सगळे बंद केले आणि मगच मोजले: १२५, १२०, १२०, १२५.

डिस्ट्रिब्युटर धुळीच्या खाचेत परत नेऊन बसवला. एअर फिल्टर लावला, ओले पोते जवळ ठेवले, चोक ओढला. सकाळी नऊची वेळ होती आणि थंडी चांगली होती. पहिल्या वेळी इंजिन दोन-तीनदा उचकले, दुसऱ्या वेळी सुरू झाले आणि सुरू राहिले. बाबांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

गरम झाल्यावर लाइट लावून ठिणगीचे टायमिंग पाहिले, खाचेपासून केसभरच हलवावे लागले. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टॅपेट पुन्हा तपासले, एक इनलेट थोडा सैल होता तो लावला. काल आम्ही तिघे सोमेश्वरपर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर पुलीच्या मागे, कव्हरच्या खालच्या कडेला तेलाचा एक थेंब दिसला. सम्पच्या पॅकिंगचा कोपरा उचकटताना थोडा फाटला होता, तिथूनच येत असावा. येत्या रविवारी कव्हरचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून पाहते आणि गळती थांबली नाही तर सम्पचे पॅकिंग बदलायचे की नाही ते तुम्हालाच विचारते.